डाव्या हाताची बदनामी

मास्तरांची हयात बायकांचे कपडे शिवण्यात गेली, पण त्यांच्याबद्दल वेडंवाकडं कधी कुणी बोललं नव्हतं. त्यामुळे सून रडत स्वयंपाकघरातून बाहेर आली, तेव्हा त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, पायाखालची जमीनच सरकली. सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हते. शेवटी मुलाने एकेक बोट उचकटून काढलं.

"हात ऐकत नाही," मास्तर पुटपुटले.

"या वयात हे चाळे? वर ही सबब?" मुलगा म्हणाला. त्याच महिन्यात त्याने वेगळं बिऱ्हाड केलं.

दुखणं तसं जुनंच होतं. उजव्या हाताने बटण लावलं की डावा ते काढून टाकायचा. कात्रीला मास्तर 'ते कापायचं' म्हणू लागले होते. एका डॉक्टरने मानेला पट्टा दिला, दुसरा म्हणाला झटका येऊन गेलाय, तिसऱ्याने झोपेच्या गोळ्या लिहिल्या. सुनेचं प्रकरण काकूंनी कुणालाच सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? उलट एकदा शेजारीण आली असताना हात पुढे सरसावला, तेव्हा त्यांनी त्यावर लाकडी पट्टी हाणली. मास्तर कळवळले, पण हाताकडे असे बघत राहिले, जणू दुसऱ्याच्याच पोराला मार बसला.

चौथी डॉक्टर तरुण होती. तिने मास्तरांच्या तळव्यात दोन बोटं ठेवली आणि पंजा गच्च मिटला.

"अहो, सोडा," काकू शरमेने लाल झाल्या. "माफ करा हं, त्यांना ही खोड आहे."

"खोड नाही, आजार आहे. मेंदूचा. हात आपोआप धरतो, मग सोडता येत नाही. घरी झालं होतं असं?"

काकूंनी सगळं सांगितलं.

"हे आधी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

आजार थांबवणारं औषध नव्हतंच.

बाहेर येऊन त्यांनी मुलाला फोन लावला. डॉक्टर म्हणाली ते सगळं सांगितलं.

"मी येतो," तो म्हणाला. "पण ती नाही येणार, आई. आजार असेलही, पण तिला ती बोटं अजून आठवतात."

सुनेवर रागवायचीही सोय उरली नव्हती. काकू बाकावर मास्तरांशेजारी बसल्या.

"तुमची चूक नव्हती हो."

मास्तरांनी परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "मग कुणाची?"

काकूंनी आपली दोन बोटं त्यांच्या डाव्या तळव्यात ठेवली.