ओठ न हलवता

रुपालीनं तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि डोळे मिटले. समोर तिचा बाप ज्योतिबा मांडी घालून बसला होता. त्यानं सवयीनं टाळ हातात घेतले, पण वाजवले नाहीत. नुसता बोटानं गुडघ्यावर ठेका धरला.

"हां. नद्या," तो म्हणाला.

पोरीची मान ठेक्यावर डोलू लागली. पहिली ओळ झाली असावी, दुसरीही. मग एकाएकी तिच्या हनुवटीवरून पाण्याची धार ओघळली आणि ओढणीत मुरली.

"सांडलं."

"नर्मदेपाशी सांडतंय, आप्पा. तिथं जीभ हालतीच."

"नर्मदेनं न्हाई सांडत. भ्यालीस की सांडतं. घे परत."

चुलीपुढून रुपालीची आई बानूबाईनं वळून पाहिलं. "अवो, पोरीला शिकवताय का म्हशीला पाणी पाजताय? सकाळधरनं अर्धी घागर रिकामी केली दोघांनी!"

ज्योतिबा हसला नाही. पोरीवर ही वेळ आपणच आणली, हे त्याला ठाऊक होतं. खुटबावच्या भजनी मंडळात त्याच्या गळ्याला तोड नव्हती. माईक बंद पडला तरी मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत त्याची ओळ पोचायची. तो स्वतः चौथीपुढं गेला नव्हता, पण एकदा कानावरून गेलेलं विसरत नसे. रुपालीचं पाठांतर टिकेना, तेव्हा त्यानं तिच्याकडून धडे वाचून घेतले आणि एकेक उत्तर अभंगाच्या चालीत बसवलं. नद्या, खनिजं, संसदेची दोन सभागृहं, सगळं टाळावर.

पूर्वेला चालली महानदी गोदा, कृष्णेचीही सदा तीच वाट.
नर्मदा नि तापी उलट्या निघाल्या, पश्चिमेला गेल्या दोघी जणी.

पोर झरझर शिकली. धनगरवस्तीवरून दहावीला बसणारी ती पहिलीच मुलगी होती, आणि मास्तर म्हणत होते, ही नाव काढील.

मग पूर्वपरीक्षा आली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि रुपाली उत्तर आठवायला गुणगुणू लागली. मास्तरांनी दोनदा दटावलं, तिसऱ्या वेळी पेपर काढून घेतला. "बोर्डाला असं पुटपुटलीस तर शेजारणीला सांगतीय म्हणून धरतील. सगळी परीक्षा जाईल बाई तुझी," ते म्हणाले. त्या दिवसापासून तोंड मिटलं की तिला काही आठवेना, आणि तोंड उघडायची तर भीती बसली. इकडे बानूबाईचा भाऊ स्थळ हेरून बसलेला. पोरगी पास झाली तर थांबू, नाही तर ज्येष्ठात बार उडवू, असं त्यानं दोनदा बोलून दाखवलं होतं.

उपाय ज्योतिबाला कीर्तनात सापडला. माघातल्या सप्त्यात महाराज सांगत होते: नाम आधी ओठावर येतं, मग कंठात उतरतं, मग हृदयात. आणि एकदा हृदयात पोचलं की त्याला जिभेची गरज उरत नाही. सगळा मांडव डोलत होता. ज्योतिबा एकटाच ताठ बसून राहिला. घरी आल्या आल्या त्यानं तांब्या भरला होता.

होळी झाली आणि पाणी सांडायचं थांबलं.

केंद्र दौंडला होतं. भूगोलाच्या पेपरला बापलेक सकाळच्या पॅसेंजरनं निघाली. गाडीत बाकीच्या पोरी पुस्तकात डोकं घालून मोठमोठ्यानं घोकत होत्या. रुपाली खिडकीशी ओठ घट्ट मिटून बसली होती. ज्योतिबानं तिचा हात हातात घेतला.

शाळेच्या फाटकाशी ती थांबली.

"आप्पा, ओठ हालले तर?"

"न्हाई हालत."

"तुम्ही कुठं जाऊ नका. हितंच ऱ्हावा."

"हितंच हाय. जा."

भिंतीला लागून जत्रेसारखी गर्दी होती. त्यांच्याच गावचा बाळासो कागदाच्या चिठ्ठ्या खड्यांना गुंडाळत उकिडवा बसला होता. भाच्याची खिडकी त्यानं हेरून ठेवली होती.

"काय ज्योतिबाआप्पा, तुमची काय तयारी?"

"पोरीनं केलीय."

"तिनं केली वो! तुमची काय? मोकळ्या हातानं आलाय व्हय परीक्षेला?"

ज्योतिबा तिथून निघाला आणि शाळेच्या मागच्या अंगाला, लिंबाखाली जाऊन बसला. तिथं कुणी नव्हतं. घंटा झाली. त्यानं डोळे मिटले आणि पोरीबरोबर तोही आत, मनातल्या मनात, म्हणू लागला. एकेक धडा सावकाश. ओठ मिटलेले.

धडे अर्ध्यावर आले होते, तेव्हा फाटकाकडून गाडीचा आवाज झाला. पांढरी जीप फाटकातून आत शिरली. "भरारी पथक!" कुणीतरी ओरडलं आणि भिंतीवरून माणसं पटापट खाली पडली. बाळासो एक चप्पल तिथंच टाकून पळाला.

ज्योतिबानं डोळे पुन्हा घट्ट मिटले. आता साहेब वर्गात जाईल. बाकांमधून चालत येईल. पोर भ्याली असेल. भ्याली की तिला सुचत नाही, सुचलं नाही की ती गुणगुणते. नर्मदेपाशी अडली असेल. पांडुरंगा, तिला नर्मदा ओलांडू दे.

दंडाला हिसका बसला तेव्हा त्यानं डोळे उघडले. समोर हवालदार उभा होता.

"ए! कुणाला सांगतोय रे उत्तरं?"

ज्योतिबाला कळेना. मग कळलं. स्वतःचाच आवाज अजून कानात घुमत होता. समोर पाहिलं, तर लिंबाच्या फांदीआड वर्गाची खिडकी उघडी होती.

"कुणाला न्हाई साहेब. देवाचं म्हणत होतो."

"देवाचं? म्हण बरं अजून."

त्यानं तोंड उघडलं. लहानपणापासून म्हटलेले शेकडो अभंग, त्यातला एकही जिभेवर येईना. नद्याच येत होत्या. त्यानं त्या गिळल्या.

"पोरगं हाय का पोरगी? आतमधी कोण हाय तुझं? नंबर सांग."

"कुणी न्हाई," ज्योतिबा म्हणाला.

"कुणी न्हाई?"

"माझं कुणी न्हाई आत. गाडीला येळ हाय, म्हणून सावलीला बसलो."

हवालदारानं त्याला पार रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. ज्योतिबा रसवंतीच्या आडोशाला उभा राहिला. 'माझं कुणी न्हाई' हे शब्द तोंडातून गेले होते आणि ते परत घेता येत नव्हते. आतून कुणाला बाहेर काढतात का, तेवढंच तो पाहत राहिला. कुणी आलं नाही.

पेपर सुटला. पोरींच्या लोंढ्यात रुपाली दिसली, तेव्हा त्याला धड हाकही मारता आली नाही. तीच शोधत आली.

"ओठ हालले का गं?"

"न्हाई. वर्गावरल्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या. न्हाई हालले."

"मंग समदं लिवलंस?"

ती चालू लागली. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "नद्यांचा सोडला."

"सोडला? नर्मदेपाशी अडलीस?"

"न्हाई. महानदी, गोदा लिवलं. आन् तुमचा आवाज आला."

ज्योतिबा जागीच थांबला.

"पुढचं येत हुतं आप्पा मला. खरंच येत हुतं. पर माझं मला आठवतंय का तुमचं ऐकून लिवतीय, तेच कळंना. मग लिवलेलं पण खोडलं."

"आगं, तुझंच हुतं की ते!"

"व्हय. पर कळंना."

गाडीत ती खिडकीशी बसली आणि ज्योतिबा समोर. खुटबाव जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "आता एकच पेपर ऱ्हायलाय. उद्या तुझ्या आईला धाडतो संगं."

रुपालीनं मान हलवली. "नगं. तुम्हीच या. पर टेसनावरच थांबा."

दुसऱ्या दिवशी ती एकटी शाळेकडं चालत गेली. ज्योतिबा फलाटाच्या पार टोकाला, पेरूची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीशेजारी बाकड्यावर बसला. पेपर सुरू झाला असेल तेव्हा त्यानं बाकडं घट्ट धरलं. बऱ्याच वेळानं सोलापूरकडून मालगाडी आली. डब्यामागून डबे धडधडू लागले. म्हातारी पेरू पुसता पुसता काहीतरी बोलली, तेही त्याला ऐकू आलं नाही. मग त्यानं मान वर केली आणि धडे म्हणायला गळा मोकळा सोडला.

गाडी संपली ते त्याच्या ध्यानात आलं नाही. अर्धी ओळ रिकाम्या फलाटावर उघडी पडली.

"आगं बया!" म्हातारी दचकून हसली. "कुणासाठी एवढा गळा काढताय म्हणायचं?"

"माझी पोरगी हाय. परीक्षेला बसलीय," ज्योतिबा म्हणाला.

मग तो उठला. फलाटाच्या कडेला जाऊन त्यानं शाळेच्या दिशेनं पाहिलं, चिमूटभर माती उचलली आणि वारं आपला आवाज तिकडं तर नेत नाही ना, ते बघण्यासाठी ती हळूच बोटांतून सोडली.