अहवालाबाहेरचा प्रश्न

सकाळी पोहे खाताना अलकनंदाने तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचं नाव सांगितलं आणि विलासरावांचा हात थांबला.

"अण्णासाहेब? महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भाषण करतात तेच?"

"हो बाबा! बिल्कुल आपलेच निघाले."

"आपले म्हणजे कोणाचे?"

तिची आई सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, परीक्षेच्या दिवशी तरी नको ना."

विलासराव केंद्र सरकारच्या कार्यालयात होते. दिल्लीत त्यांचं आडनाव ऐकून कोणाला काही उमगत नसे. मयूर विहारमधले शेजारी त्यांना नुसते 'मराठी' समजत. ते आडनाव वाचता येत असे फक्त मराठी माणसाला. म्हणून ते मंडळात जात नसत, आणि मुलीच्या नावापुढे त्यांनी शाळेतच 'विलास' एवढंच लावलं होतं.

"आडनाव विचारलं तर गाव सांग. गाव विचारलं तर जिल्हा."

"और जिल्हा विचारला तर?"

"दिल्ली म्हण."

ती हसली. ते हसले नाहीत.

एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका कारखान्यावर होता. कामगारांच्या बसमधून महिनाभर जाऊन तिने नाकारलेल्या सुट्या भागांची किंमत हिशेबात कशी धरतात ते तपासलं होतं. अहवालाचे गुण मार्गदर्शक मीनाक्षी मॅडमनी दिले होते, चांगले दिले होते. तोंडी परीक्षेचे गुण बाहेरचे परीक्षक देणार होते. दोघांच्या सह्यांशिवाय निकाल लागत नसे, आणि प्राध्यापकाच्या नोकरीचा अर्ज करायला तिला प्रथम वर्ग हवा होता.

तोंडी परीक्षेत मीनाक्षी मॅडमशेजारी बसून अण्णासाहेब अहवाल चाळत म्हणाले, "भंगार चांगल्या मालाच्या भावाने साठ्यात दाखवलंय, हे छान पकड़ा है. बहुत बढ़िया." मग एकदम मराठीत, "उच्चारावरून मराठी वाटतेस! कुठली गं?"

"दिल्लीची."

"मूळची?"

"सातारा जिल्हा."

"अरे वा! आडनाव काय लावता?"

"सर, ते माझ्या अहवालात नाही."

"लपवण्यासारखं आहे का?"

"नाही. पण त्याला गुण नाहीत."

तिचं न सांगणंही त्यांना पुरलं. त्यांनी अहवाल पुन्हा उघडला. पानं तीच होती. "मॅडम, ये काम इसका अपना नहीं लगता. किसी से लिखवाया है."

मीनाक्षी मॅडम दिल्लीच्याच. मराठी त्यांना कळत नव्हतं. "अभी तो आप तारीफ़ कर रहे थे. अलका, क्या पूछा सर ने?"

'काही नाही' म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली, "मेरा सरनेम पूछा. मैंने नहीं बताया."

"तो? सरनेम से क्या होता है?"

"हमारे यहाँ उससे जात पता चलती है, मॅडम."

मीनाक्षी मॅडमनी अण्णासाहेबांकडे बघत पेनाचं टोपण लावलं. "काम पर शक है तो काम पर सवाल पूछिए. ऐसे मैं साइन नहीं करूँगी."

अण्णासाहेब अलकनंदाकडे वळले. आवाज मराठी आणि मऊ होता. "बघ बेटा, सही झाली नाही तर निकाल अडेल. नुकसान तुझंच. गैरसमज झाला म्हण, मी गुण देतो."

तिने उत्तर हिंदीत दिलं, मॅडमना कळावं म्हणून. "रुकने दीजिए."

निकाल राखून ठेवला गेला. घरी विलासराव चिडले, "एवढं दिल्ली म्हणायला सांगितलं होतं ना!"

"म्हटलं बाबा. ते पुढे विचारतच राहिले."

विद्यापीठात द्यायच्या तक्रार अर्जाखाली तिने सही केली, पूर्ण नावाने, आडनावासकट. विलासरावांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "चल, मीही येतो."

ते आडनाव इथे दिलेलं नाही. ते कोणतं असेल, असं वाचताना मनात आलं असेल, तर तो प्रश्न एकट्या अण्णासाहेबांचा राहत नाही.