दोन कार्तिक

लक्ष्मीकांत मुजुमदारांचा कोणत्याही नव्या साधनावर पहिल्या दिवशी विश्वास बसत नसे. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते शोभूनही दिसे. नवा थर्मामीटर आणला तरी वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो की नाही, हे ते आधी पाहून घेत. त्यामुळे इंटरनेटवर जगाला शोध पुरवणाऱ्या त्या बड्या कंपनीने पत्रे, फोटो आणि दिनदर्शिका ही आपली सुटी सुटी दालने मोडून सगळे एका छताखाली आणले, तेव्हा ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या आपल्या टेबलाशी बसून त्यांनी एकेक नोंद तपासली. सर्व नोंदी सुखरूप आल्या होत्या. त्या कुठल्या तारखेवर येऊन पडल्या, एवढेच पाहायचे राहिले.

नोंदी तरी कितीशा? विजेचे बिल, दातांचे डॉक्टर, आणि शरयूच्या फोनशी जोडलेली एक: 'विमल, कार्तिक कृष्ण सप्तमी'.

विमलला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, जाऊन तीन वर्षे होत आली होती. भटजी नको, पिंड नको. त्या तिथीला घरी स्वयंपाक व्हावा आणि माणसांनी एकत्र बसून जेवावे, एवढेच तिने सांगून ठेवले होते. मेलेल्या माणसाला अन्न पोहोचते, असे लक्ष्मीकांत मानत नसत. मात्र त्या दिवशी बेंगळुरूहून मुलगी पोहोचते, हे दोनदा सिद्ध झाले होते. शरयूची दिवाळी सासरी जाई, उन्हाळा मुलांच्या शिबिरांत. बापाच्या वाट्याला वर्षातून ही एकच तिथी येई.

यंदा दसरा होऊन आठवडाही झाला नसेल, तोच पडद्यावर सूचना झळकली: विमल, येत्या रविवारी.

लक्ष्मीकांतांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. स्वयंपाकघरातल्या मराठी पंचांगात अजून दिवाळीसुद्धा व्हायची होती. कारण शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्ष इथे पुढच्या महिन्याच्या नावाने ओळखला जातो. शेजारणींची करवा चौथ कार्तिकातली आणि आपली तीच चतुर्थी आश्विनातली, या दुहेरी व्यवहारात विमल कधी अडखळली नाही. जुन्या दिनदर्शिकेत पंचांग आपण निवडावे लागे. नवीने 'मुक्काम ग्वाल्हेर' वाचून ते स्वतःच निवडले होते. सात पिढ्या इथे काढूनही मुजुमदारांचा महिना दख्खनचाच राहिला, हे त्या दिनदर्शिकेला कोण सांगणार?

सांगायला लक्ष्मीकांत समर्थ होते. त्यांनी कंपनीला अभिप्राय लिहायला घेतला, सोदाहरण, मुद्देसूद. चौथा परिच्छेद चालू असताना फोन वाजला.

"बाबा, रिमाइंडर आला. टिकट काढलं पण. दिल्लीपर्यंत फ्लाइट, पुढे ट्रेन. संडेला सकाळी घरी."

"शरयू, अगं, ती तारीख..."

"यंदा लवकर आलीय ना? बरंच झालं. अगले महीने तो मुश्किलच होतं, बाबा. आमची कंपनी दुसरीत विलीन होतेय, सगळ्या टीम्स मोडून नव्यानं बांधणार. अशात छुट्टी मागितली तर माझी खुर्चीच जाईल. तुम्ही काय म्हणत होता?"

लक्ष्मीकांतांनी आपल्या चौथ्या परिच्छेदाकडे पाहिले.

"काही नाही. शाल आण. पहाटे गारवा असतो."

रविवारी शरयूने आल्या आल्या शेजारच्या सुमनताई इंगळ्यांना बोलावून आणले. सुमनताई विमलची मैत्रीण; दर वर्षी या दिवशी हाताखाली यायच्या. शरयू अंघोळीला गेलेली पाहून त्यांनी कढईवर झारा आपटला.

"काय हो प्रोफेसरसाहेब, वहिनी गेल्या तेव्हा तुळशीचं लग्न आटोपून आठवडा झाला होता. यंदा माझ्या चकल्याही तळायच्यात अजून. तुमच्याकडे कार्तिक पार्सलनं आला का?"

"हळू बोला."

"पोरीला ठाऊक नाही?"

"नाही. ठाऊक असतं तर आज आली नसती, आणि पुढच्या महिन्यात तिला जमलं नसतं."

सुमनताईंनी झारा खाली ठेवला. "आणि वहिनींना काय सांगणार?"

"ती विचारणार नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो."

"मग त्या खात्रीनं खीर ढवळा. खाली लागतेय."

शरयूने खीर दोनदा मागून घेतली. "हे नवीन वालं एकदम काम का निघालं, बाबा. नाहीतर तुम्ही पंचांगात डोकं घालून बसला असता." सुमनताईंना ठसका लागला. दुपारी शरयू आईच्या पलंगावर, तोंड किंचित उघडे ठेवून, झोपली. लक्ष्मीकांतांनी पंखा एकाने कमी केला आणि दारापाशी उगाच उभे राहिले. संध्याकाळी ती परत गेली.

मग दिवाळी झाली, तुळशीची लग्ने झाली आणि खरी सप्तमी उजाडली. सुमनताई मुलाकडे इंदूरला गेल्या होत्या. लक्ष्मीकांतांनी दूध मोजून घेतले, तांदूळ मोजून घेतले. तरी खीर खाली लागलीच. त्यांनी दोन पाने वाढली. दुसऱ्या पानाचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नव्हते. शरयूचा नंबर त्यांनी लावला आणि घंटा वाजण्याआधीच बंद केला. आजच फोन का केला, असे तिने विचारले असते. दिनदर्शिकेत आजचा चौकोन कोरा होता.

जेवण उरकून त्यांनी अर्धवट अभिप्राय उघडला. युक्तिवाद निर्दोष होता. तिसऱ्या परिच्छेदातला एक स्वल्पविराम त्यांनी सवयीने दुरुस्त केला आणि मग सगळा मजकूर पुसून टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात नव्या दिनदर्शिकेचा प्रश्न महिनाभर उभाच होता: 'ही सूचना उपयोगी ठरली का?'

लक्ष्मीकांतांनी 'हो' दाबले, आणि उठून दुसरे पान झाकून ठेवले.