किशोरचा डावा डोळा

ऐक तर खरं, मित्रा, मधे बोलू नको! मी डोळे तपासायचा तक्ता आहे आणि मी मार खाल्लाय. लोखंडी पान्याचा!

छापून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माझ्यावर अक्षरं नाहीत, नुसत्या फण्या. वरची तळहाताएवढी, मग लहान लहान होत खालची मुगाएवढी. सहा मीटरवर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि फणीचे दात कुठल्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. भाग्यश्रीताई, म्हणजे तपासणारी, मला गुंडाळून गावोगाव नेते. पोशीरला चंद्रभागाकाकूंनी उजवा डोळा झाकला आणि ओरडल्याच, "अगं बाय, लाईट गेली का गं?" भर दुपारी! डाव्यात मोतीबिंदू पिकलेला, पण उजवा डोळा दोघांचं काम करत होता, म्हणून काकूंना पत्ताच नाही.

मग आम्ही चौक गावाला गेलो. जुन्या हायवेवर नवनाथचं गॅरेज आहे, तिथे ड्रायव्हरांची तपासणी होती. किशोर आला. शाळेची व्हॅन चालवतो तो. चौदा पोरं, त्यात त्याची स्वतःची रिया. डोळ्यांचा दाखला नसेल तर उद्यापासून गाडी बंद, असं शाळेनं सांगितलेलं.

डावा झाकून त्यानं सगळं धडाधड सांगितलं. मग उजव्यावर तळहात ठेवला, तरी सगळं बरोबर! पण मी समोरच होतो ना, मला दिसलं. बोटांच्या फटीतून उजवाच डोळा बघत होता.

ताईलाही दिसलं. तिनं काळा पुठ्ठा पुढे केला. "हात काढा दादा, हा धरा."

पुठ्ठा धरला आणि किशोरला काहीच दाखवता येईना. वरची फणीसुद्धा नाही.

"तक्ताच पुसलाय तुमचा!" किशोर वैतागला.

नवनाथ हसला. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. "आरं, तळहाताएवढी हाय ती! म्हणून गाडीची डावी बाजू दोनदा चेंदलीस व्हय? मीच ठोकून दिली ना?"

संपलं! किशोरनं पाना उचलला आणि भिरकावला. माझ्या डोक्यावरची ट्यूब फुटली, काचा उडाल्या, मी मधोमध फाटलो. त्यानं नवनाथची गचांडी धरली, त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. नवनाथच्या नाकातून रक्त आलं. तोही पेटला. दोन्ही हातांनी मारायला लागला. आणि बघ हं, उजवीकडून आलेला प्रत्येक ठोसा किशोर अडवायचा. डावीकडून आलेला प्रत्येक तोंडावर बसायचा. पापणीसुद्धा हलत नव्हती त्याची!

नवनाथचा हात हवेतच थांबला. "किशोर... तुला माझा हात दिसला नाय?"

किशोरची भुवई फाटलेली, रक्त गळ्यापर्यंत.

ताई म्हणाली, "काचबिंदू असेल. तो दुखत नाही, आतून खात जातो. गेलेली नजर परत येत नाही, पण औषधानं राहिलेली वाचते. आजच दवाखान्यात चला. उजवाही बघायला हवा."

"आधी पोरांना आणतो. शाळा सुटंल."

"दाखला मी देणार नाही. पण तुम्हाला धरून ठेवायला मी पोलीस नाही."

मारामारीत व्हॅनची चावी खाली पडली होती. ती नवनाथनं उचलून मुठीत घट्ट धरली. मित्रा, पोरं व्हॅनमधून डावीकडूनच उतरतात!

"दे. आजच्यापुरती."

"नाय देणार."

"माझं पोट हाय ते, नवन्या!"

"माझा हेल्पर जगदीश जाईल टेंपो घेऊन. तू नाय."

किशोरनं पाना परत उचलला. ताई किंचाळली. पहिला घाव मुठीवर बसला. दुसराही. हाडाचा आवाज मी ऐकला, कडाक् असा. नवनाथ गुडघ्यावर बसला, ओरडला, पण मूठ घट्टच. तिसऱ्याला जगदीशनं मागून किशोरला मिठी मारून धरलं. मग पोरांना आणायला जगदीशच गेला.

मला चिकटपट्टी लावलीय. आता कुणी तळहात ठेवला की ताई आधी पुठ्ठा देते. तूही दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घे, आणि फटीतून बघू नको, कारण फसतो तो आपणच.

किशोर औषध घालतो, पण व्हॅन गेली. तो नवनाथशी बोलत नाही. आणि नवनाथची दोन बोटं अजून वाकत नाहीत, पाना धरायला लागतात ना तीच.

खरं सांग, तू असतास तर मूठ उघडली असतीस?