लुओची सहा रूपं

“लुओ, लुसो, एलुसा…” जयवंत सर थांबले आणि चष्म्यावरून दर्शनाकडे बघू लागले. “पुढे काय?”

दर्शनाच्या हातात वही होती. सरांनीच तिच्यासाठी देवनागरीत लिहिलेली. लुओ म्हणजे मी सोडतो. गाठ सोडा, बैल सोडा नाहीतर कैदी, जुन्या ग्रीकमध्ये सगळ्याला हेच क्रियापद. खाली त्याची सहा मुख्य रूपं. कॉलेजात चाळीस वर्षं ग्रीक शिकवलेल्या माणसाला मुलुंडच्या फ्लॅटमध्ये आता एकच विद्यार्थिनी उरली होती, देखभालीसाठी ब्यूरोने पाठवलेली ही आया. रोज चहाआधी सरांनी रूपं म्हणायची आणि तिने वहीशी ताडून बघायची.

पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, “चुकलो तर तोंडावर सांगायचं. सलग तीन दिवस चुकलो, की माझ्या मुलीला, उत्तराला, फोन लावायचा. तिच्याशी एक बोलायचं राहिलंय. डोकं ठिकाणावर आहे तोवर बोलायला हवं.” दर्शनाने शब्द दिला होता.

दिवाळीनंतर सर चुकू लागले. पहिल्या दिवशी तिला दया आली. “टेन्शन नको सर, एकदम बरोबर!” जिभेला हाड नसतं, दुसऱ्या दिवशी ते आणखी सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती दया नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं. बाबांचं बिघडलं की त्यांना वृद्धाश्रमात हलवू, असं उत्तरा म्हणाली होती. मग ही ड्यूटी सुटली असती, आणि घाटकोपरपासून इतकी जवळ, इतक्या गोड माणसाची ड्यूटी पुन्हा कुठे मिळणार? तीन दिवसांचे तीन महिने झाले. सर रोज चुकत आणि रोज खुशीत चहा पीत.

आज उत्तरा न कळवताच बंगळुरूहून आली. सर अदबीने उठले. “बसा. आपण कोण?”

उत्तरा खुर्चीत बसली ती बसलीच. “दर्शनाताई, असं कधीपासून?”

“तीन महिने झाले, ताई.”

“आणि मला एक फोन नाही करता आला?”

 इतक्यात सरांनी वही दर्शनाच्या हातात दिली. “लुओ, लुसो… लुसो… बरोबर?”

“नाही सर. चुकलं. रोजच चुकतंय.”

 सर एकदम घाईला आले. “अगं, मग बसलीस काय? उत्तराला फोन लाव!”

दर्शनाने फोन लावून त्यांच्या हातात दिला. समोरच्या खुर्चीतल्या उत्तराने आपला फोन उचलला. “बोला, बाबा.”

“उत्तरा ना? तुला एक सांगायचं राहिलं होतं गं,” सर म्हणाले, आणि चष्म्यावरून दर्शनाकडे बघू लागले. “पुढे काय?”

दर्शनाने वही उघडली. तिच्यात ते लिहिलेलं नव्हतं.