जिनपाल थांबतो आहे

जिनपाल मगदूमची पिकअप गाडी शर्यत जिंकून थांबायला लागली त्याला अकरा वर्षं झाली, आणि ती अजून थांबतेच आहे. पहिल्या दिवशी ती धावपट्टीच्या टोकाचं कुंपण ओलांडून उसात शिरली, तेव्हा त्याची थोरली बहीण शांतला मोटरसायकलवरून मागे गेली होती. दुसऱ्या वर्षी सायकल पुरली. पुढं नुसतं चाललं तरी भागायला लागलं. आता शांतला प्लास्टिकची खुर्ची घेऊन गाडीच्या दाराशी बसते आणि तासा-दीड तासाने खुर्ची चार बोटं पुढं ओढून घेते.

लोकांनी जमवून घेतलं. जिनपालने स्टिअरिंग सरळ धरलं होतं, ते वळवलं तर ब्रेकवरचं लक्ष उडेल अशी त्याला भीती. म्हणून वाटेतल्या गोष्टीच बाजूला झाल्या. सोसायटीच्या गोदामाने एक भिंत आत ओढून घेतली. शाळेने मधल्या वर्गाला दोन्हीकडून मोठी दारं केली. गाडी त्या वर्गातून जात होती त्या काळात तिच्या बॉनेटवर भूगोलाचा नकाशा पसरायची सोय झाली म्हणून बाई खूश होत्या.

शर्यतीचे पंच खोत रोज सकाळी येऊन टेप लावतात.

"आज किती, खोतसाहेब?"

"कालच्यापेक्षा किंचित कमी."

"मग निकाल कधी?"

"गाडी उभी राहिल्याशिवाय निकाल धरता येत नाही, शांतलाबाई. कप मी दर दिवाळीला पुसून ठेवतोय. माझ्याकडनं हयगय नाही."

जिनपाल चोवीस वर्षांचाच आहे. त्याच्या गाडीतल्या घड्याळात दुपारचे सव्वाबारा वाजलेत आणि उजवा पाय ब्रेकवर पुरा दाबलेला आहे. दाढी वाढलेली नाही. शांतलाला मधल्या काळात चष्मा लागला.

"अक्का, केस पांढरे करून घेतलेस व्हय?"

"घेतले नाहीत. झाले."

"शोभतंय. शाळेतल्या हेडबाईगत दिसतीस. मेघा आलीया का बघायला?"

"आली होती."

हे खोटं नव्हतं. मेघाशी त्याची सुपारी फुटली होती. ती तिसऱ्या वर्षापर्यंत रोज आली. मग एकदा नवऱ्याला घेऊन आली, आणि त्यानंतर बारशाचे पेढे देऊन गेली. शांतला रोज ठरवते की आज एवढं तरी सांगायचं. मग खुर्ची पुढं ओढते.

चूक शांतलाची होती; गाडी तिनेच बांधली होती. पाव मैलाच्या शर्यतीत गाडीचा सगळा जीव मागच्या चाकांत असतो. रिम पंधरा इंची ठेवली तर तिच्यावर उंच, मऊ टायर चढतो आणि सुटताना रस्ता घट्ट धरतो. पण तेवढ्या रिमच्या पोटात ब्रेकची मोठी डिस्क मावत नाही. सतरा इंची घेतली तर डिस्क मावते, गाडी हुकमी थांबते, पण सुटताना चाकं जागेवरच गरगरतात. नीट सुटायचं की नीट थांबायचं, एवढाच प्रश्न. शांतला हे काम कुणाच्या हाताखाली शिकली नव्हती. खोलून बघत, बिघडवत, परत जोडत शिकली, आणि अशा माणसाला वाटतं की आपल्याला मधला मार्ग सापडेल. तिने पंधरा इंची रिम ठेवली आणि लहान डिस्क घेतली. तिचाही कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा चिमटा, रिमला घासत होता, म्हणून ग्राइंडरने तो दोन सूत उतरवला. दोन सूत म्हणजे पाव इंच. चाक बसलं.

सुटायच्या आधी जिनपालने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अक्का, मागचा ब्रेक लागंल न्हवं?"

"लागंल," ती म्हणाली.

तिला म्हणायचं होतं की त्याची गरज लागेल. तेव्हा खाली उतर, आजची शर्यत राहू दे, मी मोठा बसवते. त्याने ऐकलं ते ब्रेक पकडेल असं. आपल्या भाषेत ब्रेक लागतो, गरज लागते, ठेचही लागते. त्याने अंगठा दाखवला, काच वर केली, आणि समोर हिरवा दिवाही लागला. काचेवर टकटक करायला तिच्याकडे चार सेकंद होते. त्या चार सेकंदांत तिने ओढणीला हात पुसले.

गेल्या महिन्यात गाडीचं तोंड शांतलाच्या वर्कशॉपकडे आलं. बाकी सगळं बाजूला झालं होतं. वर्कशॉप झालं नाही. उलट ते लांबीला कमी होऊ लागलं. सकाळी शटर उघडावं तर कामाचं टेबल मागच्या भिंतीला टेकलेलं. दुसऱ्या दिवशी कपाट टेबलावर चढलेलं. मागच्या भिंतीवर, खिळ्याला, ती कधीच न बसवलेली मोठी डिस्क टांगलेली होती, आणि ती दर दिवशी शटरच्या जवळ येत होती.

खोतांनी टेप लावला. "थांबायला चौदा फूट पाहिजेत. भिंत नऊ फुटांवर आहे."

"म्हणजे?"

"भिंतीला लागली तर थांबली असं लिहिता येणार नाही. आदळली असं लिहावं लागेल." त्यांनी टेप गुंडाळला. "आत माणूस आहे, म्हणून आधी सांगितलं."

ब्रेक बदलायला शांतलाने त्याच दुपारी मागे जॅक लावला. गाडी जॅकसकट पुढं सरकत राहिली. तिने नट सोडले, चाकं उतरवली. घासलेला कॅलिपर डिस्कला चावून बसला होता, पहारीनेही हलेना.

ती खिडकीशी गेली. "जिनू, पाय काढ. तू दाबून धरलंस तोवर हे सुटायचं नाही."

"काढला तर? अक्का, सगळा वेग हितंच हाय. पायाखाली. तेवढाच हाय, जरा कमी झाला नाही. मला कळतोय."

"मलाही माहीत आहे."

"मग?"

"मग काय. मी त्या दिवशी 'लागंल' म्हणाले ना, ते मी..."

"बरोबरच म्हणालीस की," जिनपाल घाईने म्हणाला. "लागतोय की गं. जरा दमानं लागतोय, एवढंच."

मग शांतलाने मेघाचं सांगितलं. नवरा, बारसं, सगळं. जिनपालने समोर बघत ऐकून घेतलं.

"पेढे कसले होते?"

"खव्याचे."

"एक तरी ठेवायचास."

ती आत गेली, टेबलावर चढली आणि खिळ्यावरची डिस्क दोन्ही हातांनी उतरवून छातीशी धरली. जड होती, थंड होती.

"आता काढ," तिने हाक मारली.

जिनपालने पाय उचलला.

गाडी होती तिथेच राहिली. त्याच्या पायाखालचा सगळा वेग घेऊन वर्कशॉप निघालं. शटरच्या चौकटीतून शांतलाला जिनपाल दार उघडून उतरताना दिसला, अवघडलेला उजवा पाय दोन्ही हातांनी चोळताना दिसला, मग वर्कशॉपमागे टेप घेऊन धावणारे खोत, मग गाडी काडेपेटीएवढी, मग फक्त ऊस, दोन्ही अंगांनी, सपासप. भिंतीवर टांगलेले नट खोलायचे पाने एका लयीत वाजत होते. डिस्क छातीशी आवळून शांतला टेबलावरून खाली उतरली आणि उजव्या पायाने जमीन दाबू लागली.