सगुणाचा तंबी

२०२३ सालच्या संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं, दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. सगुणा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन तिळाच्या वड्या ताटलीत मांडत होती. शेजारच्या बिल्डिंगमधली ईशानी आईच्या धाकानं आली होती. ती सोफ्यावर मांडी घालून माझ्या सुनेला फोनवर नकाशा दाखवत होती.

"मार्चमध्ये श्रीलंका. आमचा सायकल ग्रुप, आठ जण, चार दिवस. अनुराधापुराहून निघायचं, लास्ट डे जाफना."

वड्यांची ताटली टेबलावर जरा जोरातच टेकली.

"जाफनाला माणसं जातात?" सगुणानं विचारलं.

"ऑफकोर्स जातात, आंटी. वॉर संपून चौदा वर्षं झाली. इट्स ब्यूटिफुल. रोड एकदम फ्लॅट."

"सायकलवर?"

"सायकलवर."

बायका आल्या, वाण घेऊन गेल्या. ताटल्या विसळताना सगुणा पाठमोरी असतानाच मला म्हणाली, "बाई, मला सायकल येते."

मी अल कुसैसमधल्या एका भारतीय शाळेत सव्वीस वर्षं हिंदी शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं सगुणा चौदा नंबरच्या बसवर होती. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, मोजायचं, उतरवून आईच्या हाती द्यायचं, हे तिचं काम. ड्रायव्हर सेल्वम तिरुनेलवेलीचा. त्याच्याशी बोलता बोलता तिला थोडी तमिळ यायला लागली होती, पण ती सगळी बसमधली. बस, ऊठ, उतर, लवकर चल, पाणी पी. सेल्वम प्रत्येक मुलाला 'तंबी' म्हणायचा, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. सगुणाही म्हणायची. माण तालुक्यातल्या उन्हातून आलेली ही बाई पाकिस्तानी पोरालाही तंबी म्हणून हाक मारायची आणि तेही ओ द्यायचं. ईशानीला तिनं आठ वर्षं पट्टा लावला होता.

तिचा खरा तंबी रामचंद्र. तिच्याहून दोन वर्षांनी लहान. घरात एकच सायकल, तीही चुलत्याची, तिच्यावर दोघं शिकली. रामचंद्र फौजेत गेला आणि सत्त्याऐंशी साली त्याची पलटण शांतिसेनेतून श्रीलंकेला गेली, तिथल्या तमिळ बंडखोरांशी लढली. ऐन दिवाळीत तार आली. शरीर आलं नाही, एक ट्रंक आली. पलटणीतल्या एका मित्रानं पत्र लिहिलं होतं, त्यात एका गावाचं नाव होतं आणि 'पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर' एवढंच. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे माणसं राहतात अजून.

आईनं शेवटपर्यंत मानलं नाही. "बघितलंय कुणी?" एवढंच विचारायची. आदल्या वर्षी ती गेली. जाताना सगुणाला म्हणाली, एकदा जाऊन बघून ये गं.

सगुणाचा नवरा सूर्यकांत, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर, ऐकूनच उखडला.

"पस्तीस वर्षांनी तिथं काय ठेवलंय? अठ्ठावन्न वर्षांची बाई सायकल चालवणार. लोक व्हिडिओ काढतील."

"काढू द्या की. तुमचा कधी कुणी काढला का?"

सूर्यकांत माझ्याकडे वळला. "बाई बरोबर असतील तर जा. नाही तर खलास, विषय बंद."

त्याला वाटलं होतं मी नाही म्हणेन. सायकल ग्रुपबरोबरच्या सामानाच्या गाडीत एक जागा रिकामी होती, आणि मला एकाहत्तराव्या वर्षी कुणी कुठे बोलवत नव्हतं.

दोन महिने सगुणा पार्कमधल्या तळ्याभोवती फेऱ्या मारत होती. मी बाकावर तिची पर्स सांभाळायची. ईशानी तिच्याबरोबर धावत ओरडायची, "आंटी, गिअर चेंज करा. यू आर किलिंग युअर नीज."

"गिअर कशाला? आमच्या सायकलला ब्रेकबी नव्हता."

"मग थांबायचात कशा?"

"रामा उडी टाकायचा आणि मागनं धरायचा."

मार्चअखेरीला आम्ही गेलो. गाडीचा ड्रायव्हर नेगोंबोचा, सिंहली; त्याला तमिळ येत नव्हती आणि येत नाही हे तो अभिमानानं सांगायचा. ग्रुपचे आठ जण पुढे निघून जायचे. सगुणा मागे एकटी, तिच्या मागे आमची गाडी. पंजाबी ड्रेसवर हेल्मेट, पाठ ताठ. वारा समोरून होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि मधून रस्ता अशा ठिकाणी तिचा वेग इतका कमी झाला की एक कुत्रं तिला मागे टाकून गेलं. मी खिडकीतून म्हटलं, "बस गाडीत आता."

"बसायचं असतं तर विमानानं थेट जाफनालाच उतरले असते की बाई."

वाटेत नवी घरं होती, नवी देवळं, रंगीत गोपुरं. पण मधेच शेंड्याशिवाय उभी राहिलेली ताडाची झाडं दिसत, तोफेनं छाटलेली. एका शेताला अजून सुरुंगाची, कवटीचं चित्र असलेली तांबडी पाटी होती. ईशानी फोटो काढायला थांबली, आणि पाटीवरचं वाचून तिनं फोन खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी ते गाव आलं. ईशानी बाकीच्यांना घेऊन पुढे गेली, भावाचं तिला माहीत होतं, म्हणून म्हणाली, "आंटीला स्पेस हवी." पाण्याची टाकी दिसली, पण ती नवी कोरी होती. जुनी कुठे होती कोण जाणे. वळणं तर तीन होती. सगुणा सायकल धरून पहिल्या वळणापर्यंत गेली, मग दुसऱ्या, मग परत आली. तिचा चेहरा मला बघवेना.

जवळच्या अंगणात एक म्हातारी झाडत होती, पंचाहत्तरीची असेल. सगुणानं तण्णी मागितलं, पाणी. तिनं स्टीलच्या पेल्यातून दिलं. पाणी पिऊन सगुणा रस्त्याकडे हात करून म्हणाली, "एन तंबी. इंगे." माझा भाऊ, इथे. पुढचा शब्द तिला सुचेना. शाळेच्या बसमध्ये मरण्याचा शब्द कशाला लागतो? शेवटी आखाती शब्द वापरला.

"खलास."

म्हातारीच्या हातातला झाडू थांबला. "खलास? तुम दुबई?"

ती सहा वर्षं शारजात एका अरबाच्या घरी कामाला होती. मग दोघींची भाषा सापडली. थोडी अरबी, थोडी हिंदी, थोडी तमिळ, इथे आखातात कामवाल्या बायका बोलतात तशी. म्हातारीनं सगुणाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कुरवाळला आणि रडायलाच लागली. आत नेलं. भिंतीवर एका मुलाचा फोटो होता, मिसरूड न फुटलेला, फोटोला प्लॅस्टिकची फुलं.

"वलद माल अना," म्हातारी म्हणाली. माझा मुलगा. "दिवाली. हिंदी असकर, खलास."

असकर म्हणजे सैनिक. हिंदी म्हणजे आपण.

सगुणानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तंबी म्हटलं म्हणून हिला वाटतंय आपला राम त्यांच्यातला. बंदूक घेतलेल्या पोरांतला."

मला आज लिहायला लाज वाटते, पण मी म्हटलं, "गप्प राहा. आभार मान आणि चल, निघू."

"तिनं माझं तोंड कुरवाळलं बाई. ते मी फुकटचं कसं घेऊ?"

मग तिनं म्हातारीला सांगितलं. शब्द कमी पडले तिथे कपाळाला हात लावून सॅल्यूट केला. "अम्मा, माझा तंबी. हिंदी असकर."

म्हातारीला समजायला क्षणभर लागला. मग तिनं सगुणाच्या हातातला पेला काढून घेतला, बोटानं बाहेरची वाट दाखवली आणि आम्ही पायरी उतरताच दार लावून घेतलं.

मी गाडीत जाऊन बसले. सगुणा आली नाही. ती अंगणाच्या कडेला शेवग्याखाली मातीत बसली, हेल्मेट मांडीवर घेऊन. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ईशानीचा फोन आला, "वेअर आर यू गाइज?" मी म्हटलं, पंक्चर आहे. झाडाची सावली सरकली तशी सगुणाही सरकून बसली. पाऊण तास झाला. मी दोनदा हाक मारली. ती म्हणाली, "एवढंच एक घर हाय बाई त्या वेळचं. बाकीची नवी हायेत. हिलाच ठाऊक असणार."

दार उघडलं. म्हातारी उंबऱ्यातच उभी राहिली.

"वयसु?"

वय. नव्या मुलाला सेल्वम पहिल्यांदा हेच विचारायचा. सगुणानं दोन्ही पंजे दोनदा उघडले. वीस.

म्हातारीनंही दोन्ही पंजे दोनदा उघडले आणि दुसऱ्या वेळी एक बोट मिटलं.

मग म्हातारीनं हनुवटीनं रस्त्यापलीकडे दाखवलं, टाकीच्या उलट्या बाजूला, जिथे आम्ही पाहिलंच नव्हतं. "अंगे." तिथे.

"पेर एन्न?" सगुणानं भिंतीच्या रोखानं हात करून विचारलं. त्याचं नाव काय?

म्हातारीनं ते सांगितलं नाही. ती आत गेली. दार मात्र या वेळी लावलं नाही.

तिथे आता बसथांबा होता. सिमेंटचा बाक, वर पत्रा. शाळा नुकतीच सुटली असावी. पांढऱ्या गणवेशातली दहा-बारा मुलं उभी होती. सगुणा बाजूला थांबून राहिली. लाल बस आली, मुलांची ढकलाढकल सुरू झाली. एका लहानगीचं दप्तर पायरीला अडकलं तेव्हा सगुणानं ते मागून उचललं, तिला दंडाला धरून वर घेतलं, आणि बाकीच्यांनाही एकेक करत चढवलं. तिचे ओठ हलत होते. अकरा, तिनं मला नंतर सांगितलं. बस गेली. मग ती बाकामागे उकिडवी बसली आणि तळहात जमिनीवर टेकवला.

"राम्या," ती म्हणाली, "आई गेली रं. गेल्या वर्षी. तरास झाला न्हाई."

मी तोंड फिरवलं. ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन आपणहून बंद केलं.

जाफना तिथून अठरा किलोमीटर. ती सायकलवरच आली. ईशानीनं विचारलं, "आंटी, ऑल ओके? पंक्चर झालं होतं?" सगुणा म्हणाली, "सापडलं." ईशानीला वाटलं, भोक सापडलं.

ईशानी आता अबू धाबीला खलिफा सिटीत असते. लग्न झालं, नोकरी बदलली, सायकल बाल्कनीत आहे. खरी हकिगत मी तिला वर्षभरानं सांगितली. त्यानंतर ती नवऱ्याला घेऊन पुन्हा त्या गावी जाऊन आली. म्हातारीचं घर बंद होतं. मुलीकडे कुठेतरी गेली, असं शेजाऱ्यांनी खुणेनं सांगितलं. सेल्वम चौदा नंबरची बस चालवतोच आहे. सूर्यकांतचा व्हिसा गेल्या वर्षी संपला. एअरपोर्टवर मला म्हणाला, "बाई, तुम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं," आणि मग वाकून नमस्कार केला. मी मुलाच्या व्हिसावर इथेच आहे. पार्कात जाते, बाकावर बसते. पर्स आता माझी एकटीचीच असते.

सगुणा गावी गेली. वेशीजवळ फौजेत कामी आलेल्यांच्या नावांचा काळा दगड बसवायचं पंचायतीनं ठरवलं, तेव्हा रामचंद्राचं नाव आईनं इतकी वर्षं अशा कुठल्याच यादीत जाऊ दिलं नव्हतं, ते सगुणानं दिलं. त्याच्या नावाखाली तिनं एक ओळ मोकळी सोडायला सांगितली. कारागीर म्हणाला, मावशी, कुणाचं नाव राहिलंय का, सांगा, आत्ताच कोरतो. ती म्हणाली, नाव ठाऊक नाही, पण जागा असू दे.

तिनं फोटो पाठवलाय मला. वरची सगळी नावं दाटीवाटीनं कोरलेली आहेत, मधे गुळगुळीत दगड आहे, मग पुन्हा नावं.